पाप गेले, पाणी आले

१

गावाच्या अमृतमहोत्सवाला एकच दिवस उरला असताना गावच्या विहिरीत मेलेला माणूस निघाला. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा! पंच्याहत्तर वर्षांत ज्या विहिरीचा तळ कुणी पाहिला नव्हता, ती नेमकी याच वर्षी उपसायची हुक्की महोत्सव समितीच्या अध्यक्षांना आली. गाळ काढायचा, कठडा रंगवायचा, आत रंगीत दिवे सोडायचे, असा सगळा थाट ठरला होता. दोन इंजिनं लावून पाणी उपसलं, तळ दिसला, आणि गाळ काढणाऱ्यांचा मुकादम शिडीवरून असा काही वर आला की एक चप्पल खालीच राहिली हेही त्याला कळलं नाही.

फौजदारबाई तेव्हा अंगणात गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. पोलिसातली नोकरी संपवून त्या या लहानशा शेतीच्या गावात राहायला आल्या त्या चार दिवस शांततेत काढायला, आणि गावानं पहिल्याच महिन्यात त्यांना हरवलेल्या शेळ्या शोधायला जुंपलं होतं. बाईंचं तोंड फटकळ. पण कुणी दारात आलं की उठायच्या.

"बाई, पोलिसांना फोन केला," अध्यक्ष धापा टाकत म्हणाले. "ते म्हणतात, जुनी हाडं आहेत ना, मग पळून थोडीच जाणारेत? परवा येतो म्हणाले. आणि इंजिनं फार तर संध्याकाळपर्यंत तग धरतील. नंतर पाणी चढणार."

"मग मी काय करू? पाण्याला दम देऊ?"

"तुम्ही बघा तरी एकदा. माझं डोकंच चालेनासं झालंय."

अध्यक्षांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, सदा हसतमुख. आज मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. बाईंनी पदर खोचला आणि गुडघ्याला शिव्या घालत त्या शिडी उतरल्या.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की पाणी तळातून येतच नव्हतं. ते बाजूनं येत होतं. भिंतीत एक आडवं भुयार खणलेलं होतं, माणूस रांगत जाईल एवढं. त्याचं छत कोसळलेलं. मुकादमाच्या माणसांनी दगड बाजूला केले होते आणि त्यांच्याखाली, चिखलात घट्ट बसलेला, एक माणूस पालथा पडलेला होता. डोकं आतल्या बाजूला. हातांच्या हाडांखाली लोखंडी पहार. उजव्या मांडीचं हाड कधीकाळी मोडून वाकडं जुळलेलं. आणि भुयाराच्या तोंडाशी, गाळात रुतलेला, निळ्या काठाचा एक पांढरा कटोरा. कडेचा एक टवका उडालेला. बाईंनी तो धुऊन पिशवीत टाकला.

वर आल्यावर त्यांनी विचारलं, "या गावात उजव्या पायानं लंगडणारं कोण होतं? पहिल्या पिढीतलं."

अध्यक्ष कठड्यावर मटकन बसले.

"माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "पण बाई, तो तर पळून गेला होता!"

२

गावाची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. तरी बाईंनी ती अध्यक्षांकडून पुन्हा ऐकली, कारण घाबरलेला माणूस पाठ केलेली गोष्टही जरा वेगळी सांगतो.

थोरला आणि धाकटा असे दोघे भाऊ. त्यांच्यामागे सात-आठ कुटुंबं गाड्या जुंपून या माळावर आली. वस्ती पडली, विहीर खणायला घेतली. खडक लागला आणि पाणी काही लागेना. पहिलं पीक करपलं. हिवाळ्यात उपासमार झाली, लहान पोरं दगावली. पेरणीपुरतं बी तेवढं एका कणगीत राखून ठेवलेलं. त्याला जो हात लावेल त्याला बायकापोरांसकट वस्तीबाहेर काढायचं, अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती. आणि कणगी ठेवली धाकट्याच्या घरात, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास.

"पेरणीच्या आदल्या दिवशी तो बी घेऊन पळाला," अध्यक्ष म्हणाले. "सगळे पुरुष घोड्यांवरून त्याच्या मागावर गेले. आठवडाभर रानं धुंडाळली. हात हलवत परत आले, तर कोरड्या विहिरीत पुरुषभर पाणी! मग ते पाणी दाखवून शेजारच्या वस्तीकडून बी उसनं आणलं, आणि गाव उभं राहिलं."

विहिरीच्या कठड्यावर थोरल्यानं कोरून घेतलेला दगड होता. पाप गेले, पाणी आले. शाळेतली पोरं सहलीला यायची ती हा दगड बघायला.

"तुम्हाला कसली भीती वाटतेय, ते सरळ सांगा की," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. "आजोबा तापट होते. आणि विहीर कुठे खणायची, कशी खणायची, यावरून दोघांचं वाजलेलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. थोरला म्हणायचा सरळ खाली जायचं. धाकटा म्हणायचा, नाही, पाणी बाजूला आहे." ते आणखी जवळ सरकले. "आजोबांनीच तर नाही ना हो, बाई?"

उत्तर बाईंनी द्यायच्या आत मागून आलं.

"दुसरं कोण असणार!"

पोतेवाली आजी होती ती. धान्यबाजारात फाटकी पोती शिवत बसायची. हातात दाभण तसाच होता. धाकट्याची ती एकुलती मुलगी. ऐंशीच्या घरात आलेली, आणि सगळा जन्म 'बीचोराची पोर' हे नाव ऐकत काढलेली. त्या नावापायी तिला कुणी करून घेतली नव्हती.

"माझा बाप पळाला नव्हता," ती अध्यक्षांच्या तोंडासमोर दाभण नाचवत ओरडली. "तुझ्या आजोबानं त्याला मारला, विहिरीत टाकला, आणि बी स्वतः घशात घातलं! उद्या मांडवात सगळ्या गावासमोर सांगणार आहे मी. बघू कोण मला अडवतो!"

३

आजीच्या खोलीत एक खाट, एक चूल आणि छतापर्यंत रचलेली पोती. बाईंना बसायला तिनं पोत्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि चहा टाकला. राग होताच, पण चहा ठरलेल्या पद्धतीनं झाला पाहिजे, मध्ये बोलायचं नाही, असा तिचा खाक्या. तिच्या चेहऱ्यावर आज एक वेगळंच तेज होतं. लहानपणी हरवलेलं काहीतरी तिला आज दिसलं होतं.

"काय आठवतं तुम्हाला, आजी?"

"पाच वर्षांची होते गं. काय आठवणार? बापाचा चेहराही आठवत नाही. चालायचा तेव्हा पाय घासल्याचा आवाज यायचा, तेवढा आठवतो." तिनं कप पुढे केला. "धाकटा भाऊ होता मला, पाळण्यातला. तो त्या हिवाळ्यात गेला. भुकेनं. आईला दूधच येत नव्हतं."

"आणि तुम्ही?"

"मी हाडाची चिवट. भाऊ गेला, आणि मग आई माझ्यासाठी पेज करायला लागली. रोज थोडी थोडी. कुठून आणायची देव जाणे, कुणाकुणाच्या दारात हात पसरत असेल. कचकच असायची बघ त्या पेजेत, चुलीतली राख उडून पडायची. पण गरम असायची. एवढी गोड पेज मी नंतर कधी खाल्ली नाही." आजीचे डोळे भरून आले, तिनं ते पुसले. "आईनं फार सोसलं माझ्यासाठी. आणि मी तिला काय दिलं? शिव्या दिल्या. मोठी झाल्यावर म्हणायचे, तू चोराशी लग्न केलंस म्हणून माझी ही गत झाली."

"त्या काय म्हणायच्या?"

"काही नाही. घागर घ्यायची आणि ओढ्यावर निघून जायची."

बाईंनी कप खाली ठेवला. "ओढ्यावर? विहीर तर तुमच्या दाराशी होती."

"तेच ना! मरेपर्यंत त्या विहिरीचं पाणी तिनं तोंडात घातलं नाही. मलाही देत नसे. अर्धा कोस चालून ओढ्याचं आणायची. लोक म्हणायचे, चोराची बायको आणि तोरा बघा केवढा. ती गेल्यावर मग मी आणायला लागले विहिरीचं."

बाई उठल्या. दारात त्यांनी मागे वळून पाहिलं आणि, का कोण जाणे, पिशवीतला कटोरा बाहेर काढायचं त्यांनी तूर्त टाळलं.

४

पहिल्या वस्तीतलं जिवंत माणूस आजीखेरीज एकच होतं. आबा. पंच्याऐंशीला टेकलेले, एका कानानं बहिरे, आणि दुसऱ्या कानानं सोयीपुरतं ऐकणारे. सुनेच्या घरातल्या मागच्या खोलीत ते कवळी हातात घेऊन पुसत बसले होते.

"आबा, कणगी उघडली तेव्हा तुम्ही होता तिथं?" बाईंनी चांगल्या कानाशी जाऊन विचारलं.

"होतो म्हणजे? सगळ्यांत पुढे होतो! दहा वर्षांचा होतो, पोटात कावळे ओरडत होते. दाणे नुसते बघायला मिळणार, तेवढ्यासाठी घुसलो." आबांनी कवळी बसवली, आता त्यांना सविस्तर बोलायचं होतं. "धाकट्याच्या बायकोनंच सकाळी येऊन सांगितलं, माझा नवरा बी घेऊन पळाला म्हणून. कुणाचा विश्वास बसेना. थोरला गेला, झाकण काढलं. आत भरलेली कणगी! थोरला हसला सुद्धा. मग हात घातला त्यानं. वर चार बोटं दाणे, आणि खाली राख. तळापर्यंत नुसती राख. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. त्याला रडताना मी तेवढाच पाहिला."

"राख कशी काय?"

"अहो, बियाण्याला कीड लागू नये म्हणून राखेत कालवूनच ठेवायचे सगळे. पण ती मूठमूठ. ही कणगीभर! दर आठवड्याला थोरला येऊन झाकण उघडायचा, वरून बघायचा, कणगीवर थापटी मारून जायचा. त्याला कळू नये म्हणून चोरानं भरून ठेवली. लबाड माणूस."

"आबा, कणगीभर राख जमवायला एका चुलीला किती दिवस लागतील हो?"

आबा बोटांवर मोजायला लागले. पंच्याहत्तर वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"अख्खा हिवाळा जाईल," ते हळूच म्हणाले.

बाई रस्त्यानं परत निघाल्या तेव्हा त्यांना सगळं दिसलं होतं, आणि ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. नोकरीत असताना किती दारांवर उभं राहून त्यांनी वाईट बातम्या सांगितल्या होत्या. पण तिथं दार उघडणाऱ्याला काही ठाऊक नसायचं. इथं सगळा पुरावा त्या म्हातारीनंच चहाबरोबर हातात दिला होता.

५

आजीनं कटोरा पाहिला आणि हिसकावूनच घेतला.

"माझा हा! हा टवका मीच उडवलाय, उंबऱ्यावर आपटून. कुठं मिळाला तुला?"

"तुमच्या वडिलांपाशी. आजी, नीट आठवा. वडील गेल्यावर हा घरात होता का?"

"होता की. पुरुष घोड्यांवर बसून त्याला शोधायला निघाले, तेव्हा मी दारात बसून चमच्यानं हाच वाजवत होते. आईनं फाडकन मुस्काटात दिली. तिनं मला मारलं ते तेवढंच. मग तो दिसेना, तर म्हणाली ओढ्यात वाहून गेला..." आजी थांबली. "वडील गेल्यावर होता. मग त्यांच्यापाशी कसा गेला?"

"कुणीतरी नेऊन दिला. त्यांच्यासाठी खायला नेलं असणार त्यातून."

"मारलेल्या माणसाला कोण जेवायला देतं?"

"कुणी मारलं नाही त्यांना. ते स्वतः खाली उतरले होते, आजी. सगळी वस्ती रानात त्यांना शोधत होती, आणि ते विहिरीत बसून बाजूला खणत होते. पाणी बाजूला आहे असं ते पहिल्यापासून सांगत होते. लागलं. एकदम लागलं, आणि छत खाली आलं."

आजी खाटेवर बसली. तिचे ओठ हलत होते. "म्हणजे पाणी... पाणी माझ्या बापानं आणलं?"

"हो."

"मग लपून का? चोरासारखं लपून का खणलं त्यानं? बी त्यानं नेलं नाही ना?"

एरवी फटकळ असलेल्या बाई आता तिच्याशेजारी खाटेवर बसल्या. आणि हळू म्हणाल्या, "बी नेऊन पळणारा माणूस पोतं उचलतो आणि जातो. मागे कणगीत राख भरत बसत नाही. राख भरतं ते घरात राहणारं माणूस, ज्याला रोज थोडं काढायचं असतं आणि रोज कणगी भरलेली दाखवायची असते. अख्खा हिवाळा. स्वतःच्या चुलीतली राख."

बाहेर इंजिनं धडधडत होती.

"पेजेत राख होती," आजी म्हणाली.

"आजी..."

"धुतले असते तर दाणे स्वच्छ झाले असते. पण पाणी कुठं होतं धुवायला? घागरभर पाणी लांबून आणायचं, त्यात सगळं घर." ती बाईंकडे बघतच नव्हती. "भाऊ गेला, आणि मग पेज सुरू झाली. तुला मी सकाळीच सांगितलं. माझ्याच तोंडानं सांगितलं, आणि मलाच कळलं नाही! पंच्याहत्तर वर्षं मी त्या माणसाला तळतळाट देतेय की बी नेलंस, आम्हाला एक दाणा ठेवला नाहीस. आणि खाल्लं मी!"

"तुम्ही पाच वर्षांच्या होता हो."

"आईनं त्याला कधी सांगितलं असेल?"

"पेरणी तोंडावर आल्यावर. कणगी उघडणारच होती. शपथ होती, बायकापोरांसकट बाहेर काढायचं. त्या माळावर, त्या दिवसांत, म्हणजे मरणच. ते म्हणाले असतील, नाव माझं सांग. शपथ असली तरी बायकोपोरीलाच टाकून पळालेल्या चोराच्या घरच्यांना कुणी हाकलत नाही, त्यांची कीवच करतात. आणि पाणी लागलं तर वर येऊन भावाचे पाय धरता येतील, एवढीच आशा असणार."

"आणि पाणी लागलं." आजीनं कटोरा पोटाशी धरला होता. "लागलं तेव्हा तिला कळलं असेल. सगळं गाव विहिरीभोवती नाचत होतं म्हणे. ती पण उभी असेल तिथं. आणि बोलता येत नव्हतं तिला, नाहीतर मला हाकलली असती." मग तिला पुढचं उमगलं, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "अगं, ती मला त्या विहिरीचं पाणी देत नव्हती गं! आणि मी तिला म्हणायचे, तुझा तोरा केवढा! ती गेल्यावर मी घागरी भरभरून आणलं!"

ती रडायला लागली. लहान मूल रडतं तशी, तोंड उघडं टाकून, कुणाचीही लाज न बाळगता. बाईंनी तिला धरलं. त्यांनाही आवरत नव्हतं, आणि त्यांनी आवरलंही नाही.

६

उन्हं कलली तशी एक इंजिन बंद पडलं. मुकादमाची माणसं घाईनं खाली उतरली. बाईंनी अध्यक्षांना कठड्यापाशी गाठून पाणी कुणी आणलं ते सांगितलं. आजोबांनी खून केला नाही हे ऐकून त्या भल्या माणसानं आधी डोळे पुसले, आणि लगेच त्यांच्यातला अध्यक्ष जागा झाला.

"हा दगड आजच काढतो! उद्या मांडवात सगळ्यांसमोर सांगतो की गाव धाकट्यानं वसवलं. त्यांच्या नावाचा नवा दगड लावू. आजींना मानाची खुर्ची." मग ते अडखळले. "पण बाई, लोक विचारणारच. त्यांनी नेलं नाही, तर बी गेलं कुठं?"

बाईंनी आजीकडे पाहिलं. आजी तिथंच उभी होती, खोलीतून आली तशीच, डोक्यावरून पदर घेऊन. आता तिनं म्हणावं, थोरल्यानं खाल्लं, उंदरांनी खाल्लं, काहीही म्हणावं. बाई 'हो' म्हणणार होत्या. सगळ्या नोकरीत खोटा जबाब त्यांनी कधी नोंदवला नव्हता, पण आज त्यांची तयारी होती.

नाहीतर मग आईचं नाव सांगावं लागणार होतं. बापाच्या कपाळावरचा डाग पुसायचा तर तो आईच्या कपाळावर लावायचा. आणि गप्प राहायचं, तर बाप चोर तो चोरच.

"बी मी खाल्लं," आजी म्हणाली.

"तुम्ही?" अध्यक्ष गडबडले. "अहो, तुम्ही केवढ्याशा होता!"

"केवढीशी असले तरी भूक होती ना? मी खाल्लं. हिवाळाभर खाल्लं. उद्या मांडवात मीच उभी राहून सांगते. बाप पळाला नाही, आई चोर नव्हती. बी पोरीनं खाल्लं, आणि ती पोर जगली. ज्याला काय म्हणायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर म्हणावं. एवढी वर्षं ऐकतेच आहे, आणखी थोडी ऐकेन."

अध्यक्षांना सगळं कळलं की नाही, कोण जाणे. काहीतरी नक्की कळलं, कारण पुढे त्यांनी काही विचारलं नाही. ते पुढे झाले आणि वाकून आजीच्या पाया पडले.

"आत्या," ते म्हणाले. नात्यानं ती त्यांची आत्याच होती. आजवर त्यांच्या घरातल्या कुणी तिला या नावानं हाक मारली नव्हती.

मुकादमाच्या माणसांनी दोरानं बांधलेली फळी वर घेतली. तिच्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं ते गाठोडं, अगदी लहानसं. दुसरं इंजिनही खोकायला लागलं होतं. कुणीतरी म्हणालं, उचला आता, पण बाईंनी हात वर करून थांबवलं.

आजी फळीपाशी खाली बसली. चादरीवर हात ठेवायला तिला बराच वेळ लागला. मग ठेवला, आणि वाकून, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी उपाशी नाही हो राहिले. पोटभर मिळालं मला."